'कॅप'चा अर्ज भरताना: बारावीनंतरच्या प्रवेशात पालकांचं काम कोणतं?

गेल्या जुलैत जत तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन माझ्याकडे आले. बाहेर पाऊस, हातात साडीच्या दुकानाची पिशवी, आणि पिशवीत मुलीची सगळी कागदपत्रं. मी सांगलीत अकरावी-बारावीला गणित शिकवतो. दर पावसाळ्यात तास संपले की दोन-तीन तास स्टाफरूममध्ये बसून मुलांचे प्रवेशाचे अर्ज बघून देतो. त्या वडिलांनी वहीच्या पानावर बॉलपेनने अकरा कॉलेजांची यादी काढून आणली होती. एक नंबरला घराजवळचं एक खासगी कॉलेज, कॉम्प्युटर शाखा.

"हेच पहिलं का?" मी विचारलं.

"हे तर मिळतंयच की ओ सर. मिळणारं आधी लिहावं, एक जागा पक्की हुतीय. बाकीचं मग नशिबावर."

मुलगी काही बोलली नाही. तिचं बोट मात्र सहाव्या ओळीवर होतं: शासकीय अभियांत्रिकी, कराड, इलेक्ट्रिकल.

हा बाप चुकीचा माणूस नव्हता. सोसायटीचं कर्ज काढून मुलीला शिकवणारा, दोन एसट्या बदलून पावसात आलेला माणूस होता तो. पण त्याने जी यादी आणली होती, ती तशीच भरली असती तर मुलीला पहिल्याच फेरीत नको ती जागा मिळाली असती आणि कराडचा दरवाजा तिथेच बंद झाला असता. दरवर्षी हे मी इतक्या वेळा पाहतो की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं.

आधी एक मोठा गैरसमज काढून टाकू. सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी आणि निकालानंतरची केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे ज्याला सगळे 'कॅप' म्हणतात त्याची नोंदणी वेगळी. चांगले गुण असूनही दुसरी नोंदणी करायचीच राहिली, अशी मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आणि बारावीनंतर रांग एकच नसते. इंजिनिअरिंग, फार्मसी, शेती यांचा रस्ता एमएचटी-सीईटीतून जातो. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांचा 'नीट' या देशपातळीवरच्या परीक्षेतून. पशुवैद्यकही नीटमधून, त्यामुळे शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचं स्वप्न असेल तर बायॉलॉजी आणि नीट दोन्ही हवं. बीबीए आणि बीसीएलाही २०२४ पासून सीईटी आली. हे अजून कित्येक पालकांना माहीत नसतं आणि जूनमध्ये कॉलेजच्या खिडकीशी जाऊन ते थक्क होतात. बीए, बीकॉम, बीएस्सी मात्र बारावीच्या गुणांवर, थेट कॉलेजात अर्ज करून. सांगलीचं विलिंग्डन असो की साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज, तिथली गुणवत्ता यादी वेगळी, तारखा वेगळ्या. दोन-तीन रांगांत एकाच वेळी उभं राहायला कुणाची बंदी नाही, आणि राहावंच. या लेखात मी मुख्यतः इंजिनिअरिंगच्या कॅपबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

संगणक यादी कशी वाचतो

हे एकदा समजलं की अर्धी भीती जाते.

राज्यातल्या सगळ्या मुलांची एक गुणवत्ता यादी लागते. संगणक ती वरून खाली वाचत येतो आणि प्रत्येक मुलापाशी थांबतो. थांबला की त्या मुलाने भरलेली पसंतीची यादी वरून खाली वाचतो. पहिली जागा शिल्लक आहे? दिली. नाही? दुसरी बघ. तीही नाही? तिसरी. जिथे पहिल्यांदा जागा मिळेल तिथे थांबतो आणि खालची यादी बघतसुद्धा नाही. मग पुढचं मूल.

समजा मुलीचा गुणवत्ता क्रमांक चौदा हजार आहे. तिने पहिल्या नंबरला सांगलीच्या वालचंद कॉलेजचं कॉम्प्युटर लिहिलं, जे तिला मिळणं शक्य नाही. तिचं काही नुकसान झालं का? काहीच नाही. संगणकाने ती ओळ पाहिली, जागा नव्हती, पुढे गेला. दुसऱ्या ओळीतल्या जागेवरचा तिचा हक्क तसूभरही कमी झाला नाही. कारण पंधरा हजाराव्या मुलाने तीच जागा पहिल्या नंबरला लिहिली असली, तरी संगणक त्याच्यापर्यंत नंतर पोचणार आहे. 'आम्ही पहिली पसंती दिली म्हणून आम्हाला आधी' असा हिशेबच तिथे नाही. आधी कोण, हे फक्त गुणवत्ता क्रमांक ठरवतो. आपल्याला त्यातलं काय हवं, एवढंच पसंतीक्रम सांगतो.

म्हणून यादी 'काय मिळेल' या क्रमाने लिहायची नसते, 'काय हवं' या क्रमाने लिहायची असते. वर स्वप्नातली, मध्ये आवाक्यातली, खाली नक्की मिळतील अशी. अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे भरायची गरज नाही, पण अकरावर थांबू नये. आणि जे कॉलेज मिळालं तर जायचंच नाही, ते यादीत कुठेच लिहू नये, अगदी शेवटीसुद्धा नाही.

आता त्या वडिलांच्या यादीतला धोका बघा. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा आला: पहिल्या फेरीत पहिल्या नंबरची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही मिळाली तर तेच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे 'मिळणारं आधी लिहावं' हा शहाणपणा इथे उलटा फिरतो. नक्की मिळणारं एक नंबरला लिहिलं की ते पहिल्या फेरीत मिळतं, आणि मूल तिथे अडकतं. नियमांची माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते. तिची पानं बरीच असतात, पण फेऱ्यांचा भाग चार-पाच पानांचाच असतो. तेवढा पालकांनी स्वतः वाचावा.

पहिल्या नंबरची नाही, पण बरी जागा मिळाली तर दोन रस्ते असतात. एक, ती गोठवायची, म्हणजे तीच कायमची घ्यायची. दुसरा, ती हातात धरून पुढच्या फेरीत याहून वरच्यासाठी थांबायचं; याला सगळे 'बेटरमेंट' म्हणतात. दोन्हीत एक हजार रुपये जागा-स्वीकृती शुल्क भरावं लागतं. बेटरमेंटला गेलं तर आधीची जागा जाते, अशी भीती बऱ्याच घरांत असते. तसं नाही. वरची मिळाली तरच आधीची आपोआप सुटते. नाही मिळाली तर आधीची आपलीच. फक्त हे लक्षात ठेवा, की वरची मिळाल्यावर 'आधीचीच बरी होती' असं म्हणता येत नाही. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये यादी पुन्हा उघडते तेव्हा क्रम पुन्हा एकदा मुलासोबत तपासा.

पर्सेंटाइल आणि कटऑफचा तक्ता

"आमच्या पोराला सीईटीत ९२ पडले, शेजारच्याला बोर्डात ८८, तरी त्याला चांगलं कॉलेज कसं?" हा प्रश्न मला दर जुलैत येतो.

सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे एकेक गुणाचे. उणे गुण नसतात. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून थेट गुणांची तुलना न करता पर्सेंटाइल काढतात. ९२ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात बसलेल्या दर शंभरांत साधारण ९२ जण या मुलाच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत. बोर्डाच्या टक्क्यांशी त्याचा संबंध नाही.

हा आकडा किती नाजूक असतो ते बघा. समजा तीन लाख मुलं परीक्षेला बसली. मग एक पर्सेंटाइल म्हणजे तीन हजार मुलं. ९५ आणि ९४ यांत दिसायला एकाचा फरक, पण रांगेत मध्ये तीन हजार जण उभे आहेत. म्हणून कॉलेज निवडताना पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांक धरून बघितलेलं बरं.

मागच्या वर्षांचे कटऑफ, म्हणजे कुठली जागा शेवटी किती गुणांना गेली ते आकडे, प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. दोन-तीन वर्षांचे उघडून शेजारी शेजारी ठेवा. एका वर्षाच्या आकड्यावर कधीच विसंबू नका. तक्ता बघून मात्र माणूस घाबरतो, कारण वर इंग्रजी अक्षरांची आगगाडी असते: जीओपनएच, एलओपनएच, जीओबीसीएस. ती फोडायची युक्ती सोपी आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला शब्द प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी, एनटी वगैरे. शेवटचं अक्षर विद्यापीठाचं: एच म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यभराच्या मुलांसाठी. मुलगी असेल तर जी आणि एल दोन्ही रकाने बघायचे. प्रवर्गातलं मूल असेल तर ओपनचा रकानाही बघायचा, कारण आधी खुल्या जागेसाठी त्याचा विचार होतो.

त्या शेवटच्या अक्षरात एक खाच आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे. पण मुलाचं 'गृह विद्यापीठ' घर कुठे आहे यावर ठरत नाही. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली असेल तर बारावी कुठून पास झाला यावर ठरतं. आपल्याकडची कितीतरी मुलं दहावीनंतर लातूरला जातात. तिथून बारावी केलेल्या सांगलीच्या मुलाचं गृह विद्यापीठ नांदेडचं होतं, आणि आपल्याच गावाजवळच्या कॉलेजात तो बाहेरचा ठरतो. ज्या जागांना एच आणि ओ लागू आहे तिथे हा फरक जाणवतो. लातूरला पाठवू नका असं मी म्हणत नाही. पण पाठवताना हे माहीत असावं.

कागद

इथे पालकांचं खरं काम आहे, आणि ते जूनचं नाही, आदल्या दिवाळीचं आहे.

जून-जुलैत दाखल्यांच्या सेतू केंद्रात जाऊन बघा, रांग रस्त्यापर्यंत आलेली असते. त्यात सर्व्हर बंद, त्यात तलाठी पंचनाम्याला गेलेले. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला तहसील कार्यालयाकडून, नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला, प्रांताकडून. यातल्या कुठल्याच कागदासाठी बारावीच्या निकालाची वाट बघायची गरज नसते. नॉन-क्रिमीलेअरवरची तारीख मात्र नीट वाचा: प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा लागतो. अकरावीला काढलेला दाखला फाइलमध्ये ठेवून निश्चिंत राहिलेली घरं ऐन वेळी धावतात.

नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दोन्हीकडे आठ लाखांची मर्यादा ऐकू येते, म्हणून दोन्ही एकच असं लोक धरतात. मोजायची पद्धत वेगळी आहे. क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला सगळ्या मार्गांचं उत्पन्न धरतात. द्राक्षबाग चांगली चाललेल्या तासगावच्या घरात हा फरक मोठा पडू शकतो.

सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैधता जिल्हा जात पडताळणी समिती देते, आणि तिला पुरावा जुना लागतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा सगळ्यात भक्कम. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा दाखला. तो मिळतो गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये, जिथली पानं हात लावला की तुटतात. मुख्याध्यापकांना भेटायचं, वर्ष अंदाजाने सांगायचं, एकेक नाव बोटाने शोधायचं. कधी नोंद मोडी लिपीत असते, मग मोडी वाचणारा शोधायचा. हे काम आठ दिवसांत होत नाही. मूल अकरावीत गेलं की कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करता येतो. तेव्हाच करा. वैधता वेळेत आली नाही तर कधी कधी अर्जाच्या पावतीवर मुदत मिळते, पण त्या भरवशावर राहून जागा गमावलेली मुलं आहेत.

आणि नावं. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रकावर दुसरं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव अर्धं. त्या मुलीच्या पिशवीतही तेच निघालं. आईचं माहेरचं नाव जन्मदाखल्यात, सासरचं आधारमध्ये. एकेक कागद टेबलावर पसरून, प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचायचं, हा माझा पहिला नियम आहे. पंधरा मिनिटांत सगळ्या चुका सापडतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर चिखलाने भरलेली गुणपत्रकं इस्त्रीखाली वाळवणारी घरं मी सांगलीत पाहिली आहेत. पूर आणि प्रवेश आपल्याकडे एकाच हंगामात येतात. सगळी कागदं स्कॅन करून मुलाच्या मेलवर आणि घरच्या दोन फोनवर ठेवा. दहावी-बारावीची गुणपत्रकं डिजिलॉकरमध्येही मिळतात.

आणखी एक गोष्ट, जरा कळकळीने. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. मागे एका खासगी कॉलेजच्या 'मोफत मार्गदर्शन केंद्रा'त एका मुलाने अर्ज भरून घेतला. तिथल्या माणसाने ओटीपी मागितला, मुलाने विश्वासाने दिला. यादीत पहिल्या नंबरला त्यांचंच कॉलेज टाकून अर्ज पक्का केला गेला. मुलाला कळलं ते पहिल्या फेरीच्या निकालाच्या दिवशी. तो माझ्यासमोर बसून रडला आणि मला काही करता आलं नाही. नेटकॅफेत जा, शिक्षकांकडे जा, पण कळफलकावर बोटं मुलाची असू द्या आणि अर्ज पक्का करण्याआधी छापील प्रत घरी नेऊन रात्रभर ठेवा.

पैसे

फी किती, हे कॉलेजच्या जाहिरातीवरून ठरवू नका. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि कॉलेजनिहाय आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. तो बघूनच बोलायला जा. त्याच्यावर 'देणगी' म्हणून वेगळं मागणं हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

घरात जे नाव ऐकायला मिळतं ते 'ईबीसी'. आता ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना: वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्यांना शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण माफ आहे. मुलीला 'बीएस्सी कर, इंजिनिअरिंग परवडत नाही' असं सांगण्याआधी ही ओळ दोनदा वाचा.

पण या सवलतींना एक अट आहे, ती कुणी मोठ्याने सांगत नाही. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. विनाअनुदानित कॉलेजांतल्या साधारण वीस टक्के जागा संस्था स्तरावर भरल्या जातात, ज्याला आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो. तिथून प्रवेश घेतला की या सवलती गेल्या. अभिमत, म्हणजे 'डीम्ड', विद्यापीठांनाही त्या लागू नाहीत. त्यांची प्रवेशाची आणि फीची पद्धतच वेगळी असते. 'स्वायत्त' म्हणजे अभिमत नव्हे. वालचंद २००७ पासून स्वायत्त आहे, अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याची स्वतःची, पण पदवी शिवाजी विद्यापीठाची. हा शब्दांचा घोळ बऱ्याच घरांना महागात पडतो.

कॅपमध्येच ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, पाच टक्के जादा जागा असतात, कुठल्याही प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या घरांसाठी. त्यांचा निवड कोड वेगळा असतो, म्हणून त्या अर्जात वेगळ्या भराव्या लागतात. बरेच जण भरतच नाहीत. तिथे चढाओढ मोठी असते, पण वर सांगितलं तसं, वर लिहून नुकसान काही नाही.

घरी बसून चार वर्षांचा हिशेब करताना फीपेक्षा राहण्याखाण्याचा आकडा मोठा निघतो, हे पालकांच्या उशिरा लक्षात येतं. खोली, मेस, प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप. मुलींचा एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो; पुढे सवलतीचा पास काढावा लागतो. कर्ज घ्यायचं झालं तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. सावकाराकडे किंवा सोन्याकडे जाण्याआधी बँकेत जाऊन या.

कॉलेज बघायला जाताना

यादी पक्की करण्याआधी वरची तीन-चार कॉलेजं मुलाला घेऊन बघून या. सातारा-सांगलीचा एक मोठा फायदा असा की वालचंद (१९४७), कराडचं शासकीय अभियांत्रिकी (१९६०), साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट, सगळं एका दिवसाच्या टप्प्यात आहे. रविवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा. प्रवेश कक्षातला माणूस चहा देऊन छापील पुस्तिका हातात ठेवेल. ती घ्या आणि मग सरळ कँटीनमध्ये जाऊन दुसऱ्या वर्षाची चार पोरं शोधा. प्रॅक्टिकल खरंच होतं का, यंत्र चालू असतं का, शिक्षक कायमचे आहेत की तासिकेवरचे आणि वर्षात किती बदलले, होस्टेलला पाणी किती वाजता येतं. ती पोरं खरं सांगतात.

नोकरीचे आकडे दाखवले की 'सरासरी' या शब्दाशी थांबा. दहा मुलांत एकाला वीस लाखांची नोकरी लागली आणि नऊ जणांना तीन-तीन लाखांची, तर सरासरी चार लाख सत्तर हजार येते. त्या वर्गात चार सत्तर मिळवणारा एकही मुलगा नाही. मधल्या मुलाला किती मिळाले आणि वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, हे दोन आकडे मागा.

शाखा मोठी की कॉलेज मोठं, हा वाद घरोघरी चालतो. माझं मत स्पष्ट आहे. अगदी वरच्या दोन-चार कॉलेजांचा अपवाद सोडला, तर मूल चार वर्षं ज्या विषयात मन लावून बसेल ती शाखा आधी धरावी. कॉम्प्युटरला मागणी आहे म्हणून घेतलं आणि दुसऱ्या वर्षी चार विषय राहिले, अशी हुशार मुलं मी पाहिली आहेत. मनापासून मेकॅनिकल केलेली मुलं बघता बघता सावरतात. पण 'तुला काय आवडतं' असा मोकळा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलाला विचारून उत्तर येत नाही. त्याच्यासमोर दोन शाखांचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम ठेवा आणि दोन दिवस द्या. विषयांची नावं वाचून कुठे डोळे चमकतात ते आईला बरोबर कळतं.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी वडिलांना संगणकाची गोष्ट सांगितली, कागदावर रेघा मारून. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "तू लिही. मी बघतो काय काय लिहितीस ते." तिने वालचंदचं इलेक्ट्रिकल पहिलं लिहिलं, कराडचं दुसरं, आणि वडिलांचं कॉलेज एकोणिसावं. एकोणतीस पर्याय झाले. वडिलांनी त्यातल्या चार ठिकाणी 'तिथं राहायची सोय न्हाई' म्हणून हरकत घेतली. त्यातल्या दोन तिने काढल्या, दोन ठेवल्या. मला तो वाद फार आवडला.

पहिल्या फेरीत तिला अकरावा पर्याय मिळाला. हजार रुपये भरून ती बेटरमेंटला राहिली. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही, असं वडील नंतर म्हणाले. दुसऱ्या फेरीत कराड लागलं, पसंतीक्रम दोन. पहिल्या तिनांतलं, म्हणजे घ्यायचंच. महाडीबीटीचा, म्हणजे फी-सवलतीसाठीचा सरकारी ऑनलाइन अर्ज भरायला ती पुन्हा माझ्याकडे आली, तेव्हा बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं, म्हणून एक दिवस गेला. तो अर्ज दरवर्षी पुन्हा करावा लागतो, हे मी तिच्या फाइलच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

साडीच्या दुकानाची ती पिशवी आता घरी धाकट्या भावाकडे आहे. तो अकरावीत आहे. सख्ख्या बहिणीची जात वैधता असली की भावाच्या अर्जाला तो मोठा पुरावा होतो, म्हणून तिच्या प्रमाणपत्राच्या तीन प्रती काढून त्याने दिवाळीआधीच आपला अर्ज कॉलेजात दिला.